हरला की घरी

"उचल पाऊल, शालन. टांगेवाला काय आपला पाव्हणा न्हवं, ताटकळत उभा राहायला."

ट्रंक टांग्यात चढली होती. वळकटीही चढली होती. शालनची सासू अनुसयाबाई सुनेची ओटी भरून, तोंड पाडून आतल्या दाराशी उभी होती, आणि मी त्यांच्या सोप्यातल्या बाकड्याच्या अगदी कडेला टेकले होते. पुरती बसले नव्हते. लेकीच्या सासरी पुरतं बसायचं नसतं, आणि घोडेगल्लीत तर नाहीच नाही.

शालननं एक पाय उंबऱ्यावर ठेवला, एक हात चौकटीला लावला, आणि गल्लीच्या तोंडाला फटाक्यांची माळ तडतडली.

घोडेगल्लीत फटाका वाजला की आम्हा चाफेगल्लीवाल्यांच्या कपाळाला आठी पडायची. तशी ती माझ्याही पडली. कोल्हापुरात गल्लीला तालीम असते, तालमीच्या आत कुस्तीचा हौद असतो आणि बाहेर फुटबॉलची टीम असते. आमच्या दोन तालमींचं पिढ्यान्‌पिढ्याचं वाकडं. मॅच असली की त्या दिवशी त्यांच्या वाण्याकडून आम्ही मीठ आणत नसू. तरी मी माझी धाकटी लेक तिथं दिली, कारण सर्जेराव इंगवले त्यांचा गोलकीपर होता आणि आमच्या पोरांनी डोकं आपटलं तरी त्यानं बॉल आत येऊ दिला नव्हता. आमचे हे हयात होते तेव्हा. म्हणाले, "जो जाळं राखतो तो घर राखंल. दे पोरगी."

त्या वर्षी घोडेगल्लीची टीम देशाच्या कपाला निवडली गेली होती. पार कलकत्त्याला. आमच्या गावातली गल्लीची टीम तिथवर कधी गेली नव्हती. फोन फक्त लाकडाच्या वखारीत होता. तिथं बातमी यायची, वखारवाला माळ पेटवायचा, मग गल्लीला कळायचं.

"जिंकलं! जिंकलं!" करत सगळी गल्ली इंगवल्यांच्या दारात लोटली. पुढं तालमीचे दादू वस्ताद, कानाला फडकं गुंडाळलेलं, मान मोडलेल्या बैलासारखी तिरकी. मला बघून थबकले.

"चंद्राक्का! तुमी हितं?"

"लेकीला न्यायला आलेय. सातवा लागलाय तिला. सरका बाजूला, टांगा उभा हाय."

एवढ्यात शालन मागं वळली आणि सासूच्या कानाला लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. अनुसयाबाईनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि वस्तादांना म्हणाली, "वस्ताद, पोरीचा पाय उंबऱ्यावर पडला आणि तवाच बातमी आली. पायगुण हाय. आता ही उंबरा ओलांडून गेली आणि उद्या तिकडं काय इपरीत झालं तर मला बोल लावू नका."

गल्लीला ते पटलं. कुस्तीवाली माणसं. मैदानात उतरताना मातीला हात लावणारी, डावं पाऊल आधी पडलं तर माघारी फिरणारी. वस्तादांनी शालनकडं असं बघितलं, जसं काही देवीच दारात उभी आहे.

"ट्रंक उतरवा रं," ते म्हणाले.

"कोण उतरवतो बघतेच मी!" मी उठायला गेले.

"आक्का, उठू नका! बातमी आली तवा तुमी बाकड्यावर हुतासा न्हवं? मग तुमीबी जागा मोडू नका."

"वस्ताद, मी चाफेगल्लीची हाय. माझा पायगुण लाभला तर तुमची तालीम बाटंल."

"लाभतोय तर लाभू द्या की."

"आणि हे किती दिवस?"

"आता ते कसं सांगणार? नॉकआऊट हाय ते."

"म्हंजे?"

"म्हंजे जिंकला तर म्होरं. हरला की घरी."

"कोण घरी?"

"टीम."

"आणि माझी पोरगी?"

वस्तादांनी मान खाजवली. "टीम घरी आली की पोरगी घरी."

"म्हंजे तुमची पोरं हरली की माझी पोरगी माझ्या घरी," मी म्हटलं, "आणि जिंकत राहिली तर ही हितंच. मग मी देवाला काय मागू, तेबी तुमीच सांगा."

ट्रंक उतरली. टांगेवाल्यानं विचारलं, "आक्का, तुमाला तरी सोडू का?"

मी त्याला हात केला, जा म्हणून.

का गेले नाही, तेही सांगते. न्यायला आलेली आई मोकळ्या हातानं परतली की अपशकुन, हे एक. दुसरं, मी सगळ्या चाफेगल्लीला सांगून निघाले होते की दिवेलागणीच्या आत पोरगी आणते. बायका भाकरतुकडा घेऊन दारात ओवाळायला उभ्या राहणार होत्या. आणि तिसरं, आठवा महिना लागला की पोटुशीला उंबरा बदलू देत नाहीत. सातव्यात नेली तर नेली. मी माघारी गेले असते तर या लोकांनी आज कप, उद्या अमावस्या करत सातवा सरवला असता. म्हणून मी ठरवलं, बसायचं. बघू कोण आधी उठतं.

मग त्या सोप्यात माझा संसार मांडला. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईनं पाळली, मीही पाळणार. सुनेनं, रंजनानं, घरून स्टो आणून दिला, तांब्या आणला, पिठाचा डबा आणला. ती जाताना दबक्या आवाजात म्हणाली, "आत्ती, आपल्या गल्लीत सगळी इचारालेत, चंद्राक्कानं घोडेगल्लीत घर घेतलं काय म्हणून."

"सांग, भाड्यानं घेतलंय. भाडं त्यांच्याकडनंच वसूल करतेय."

पाणी मी गल्लीच्या सार्वजनिक नळावरून भरायची. माझी घागर बघितली की त्यांच्या बायका बाजूला व्हायच्या. मानानं नव्हे, मी काहीतरी टाकीन पाण्यात, अशा नजरेनं. पहिल्या दिवशी अनुसयाबाई माझ्यापुढं चहाची कपबशी ठेवून गेली. मी ती विहिणीकडं बशीसकट ढकलली.

"ईनबाई, आमच्यात लेकीच्या घरचं चालत न्हाई."

"ठाऊक हाय की. तरी ठेवला. तुमी न्हाई प्यालासा तर मांजर पिईल."

"मग मांजरालाच ईन म्हणा."

"मांजर बरं की, ओरबाडायच्या आधी गुरगुरतं तरी."

बाई तोंडाची तिखट होती, हे मला मान्य करावं लागेल. मला तोडीस तोड कुणी भेटलं नव्हतं तोवर. आमची सून तर माझ्यापुढं ब्र काढत नसे. कमरेच्या किल्ल्या वाजल्या की घर चिडीचूप, असं माझं घर.

त्या जुडग्यात एक किल्ली होती मागच्या खोलीची. ती खोली माझ्या थोरल्या लेकीच्या, मंगलच्या वेळेपासून बंद होती. यंदा मी ती उघडली होती. कोपरे खरवडून चुना काढला, खिडकीला नवीन गज बसवले, बाज सुंभानं नव्यानं विणून घेतली. सुईणीला सांगून ठेवलं. शालनचं बाळंतपण त्या खोलीत व्हायचं, हे मी मनाशी इतकं पक्कं केलं होतं की दुसरा विचार शिरायला फट नव्हती. सोप्यात बसून मी रोज शालनला सांगायची. "उजेड बघ कसा आलाय आता खोलीत. चुना असा लागलाय की डोळं दिपावं."

शालन हूं म्हणायची. गहू निवडत बसायची, आणि निवडलेलेच परत निवडायची.

घोडेगल्लीच्या तोंडाला सरकारी दवाखाना होता. तिथली नर्सबाई अधनंमधनं यायची, शालनचं पोट चाचपायची, कान लावून ऐकायची. तिच्याशी माझी लेक हसून बोलायची. खोदून खोदून विचारायची, कळा कशा येतात, रक्त किती जातं, डॉक्टर रात्री असतो का. मी बाकड्यावरून म्हणायची, "हे सगळं सुईणीला ठाऊक असतं गं. घरात आई असताना परक्या बाईला काय इचारतीस?"

की लगेच ती गप.

मला वाटायचं, सासूचा धाक आहे. पोरीला वाचा राहिलेली नाही या घरात.

दुसऱ्या मॅचच्या दिवशी वस्तादांनी स्वतः येऊन सगळं होतं तसं मांडलं. शालनला तेच हिरवं लुगडं नेसवलं, उंबऱ्याशी पाट टाकून बसवलं. मला बाकड्याच्या त्याच कडेला. "आक्का, जरा उजवीकडं. तवा तुमचा पदर लोंबत हुता."

"लोंबता पदर हाय माझा, निशाण न्हवं तुमच्या तालमीचं."

तरी मी पदर सोडला. का सोडला, देव जाणे. मनातल्या मनात मी अंबाबाईला म्हणत होते, आई, यांचा एक गोल खाऊ दे. जास्त नको, एकच. मग ध्यानात यायचं की तो गोल खायचा म्हणजे माझ्या जावयानंच खायचा. जाळ्यात उभा राहून, सगळ्या देशापुढं. बोलणं माघारी घ्यायची आणि सातवा महिना आठवला की परत मागायची.

वेळ झाली, टळली. वखारीकडून काहीच नाही. मी पाय खाली सोडले.

"संपलं वाटतं. शालन, आवर."

आणि माळ वाजली. बरोबरी झाली होती, मग पेनल्टीवर गेलं होतं, आणि सर्जेरावनं दोन अडवल्या होत्या. पोरं इंगवल्यांच्या दारात नाचली, शालनच्या पायावर गुलाल टाकला. एका आगाऊ कार्ट्यानं माझ्याही पायावर टाकला. चाफेगल्लीच्या बाईच्या पायावर घोडेगल्लीचा गुलाल! मी तो दगडानं घासून काढला, तरी नखांत राहिला.

शालन मात्र हसत होती. नवरा जिंकला म्हणून हसतेय असं मला वाटलं.

त्यानंतरचे दिवस म्हणजे शिंकाळ्यात टांगलेल्या मडक्यासारखे. खाली टेकत नाही आणि वर जात नाही. सोप्यातली खिडकी माझी, समोरची भिंत माझी, भिंतीवरची पाल माझी. माझ्या घरात माझ्याविना पोळ्या होत होत्या, दिवे लागत होते. रंजना डबा द्यायला यायची ती पहिल्यासारखी खाली मान घालून येत नव्हती. चांगली उभी राहून बोलायची. मला तिथून हलता येत नव्हतं, आणि माझं घर मात्र माझ्याशिवाय चालायला शिकत होतं.

एका दुपारी अनुसयाबाई दळण आणायला गेली. मी शालनला धरलं.

"ऊठ. मागच्या दारानं. देवीच्या दर्शनाला म्हणून निघायचं आणि तसंच घरला."

"आई, टीम..."

"टीम गेली उडत. सातवा सरत आलाय. ऊठ!"

मी दंडाला धरून तिला मागच्या दारापर्यंत नेली. ती उंबऱ्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. बोटं पांढरी पडली. तोंड असं झालं की जणू पलीकडं रस्ता नव्हता, विहीर होती.

"पायात गोळा आलाय," ती म्हणाली.

तेवढ्यात अनुसयाबाई पिठाचा डबा घेऊन दारात. मग मी माझं तोंड सोडलं. "कोंडून घातलीय पोरीला! देवाचं नाव, कपाचं नाव, आणि करताय सासुरवास! पाऊल बाहेर टाकायचं म्हटलं तर पोरीचा थरकाप होतोय. काय भ्या घातलंय एवढं तिला?"

मला वाटलं आता ही सव्वा शेर बोलेल. मी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. पण अनुसयाबाईनं डबा खाली ठेवला, शालनला पाटावर बसवलं, तिच्या पोटऱ्या चोळायला लागली. आणि वर न बघता म्हणाली, "ईनबाई, काय शिव्या द्यायच्या त्या मला द्या. मी बसलेय. तिला काय बोलू नका."

त्या बाईनं माझं उत्तर गिळलं, हे मला शिव्यांपेक्षा झोंबलं. पण का गिळलं, ते विचारायचं काही मला सुचलं नाही.

सेमी फायनल आली. दोन दिवसांनी आठवा लागणार होता.

सकाळपासून गल्लीत कुणी चूल पेटवली नसावी इतकी शांतता. परत तेच लुगडं, तोच पाट, माझा लोंबता पदर. वस्ताद वखारीत फोनपाशी. अनुसयाबाई देव्हाऱ्यापुढं. शालन चौकटीला टेकून डोळे मिटून, ओठ हलत होते. नवऱ्यासाठी मागत असेल, असं मी धरलं. मीही मागत होते. या खेपेला मी बोलणं माघारी घेतलं नाही.

उन्हं भिंतीवरून उतरून जमिनीवर आली. माळ वाजली नाही. उन्हं बाकड्याखाली गेली. माळ वाजली नाही.

मग वखारीकडून माणसं परत येताना दिसली, एकेकटी, चपला ओढत. वस्ताद दारात आले. फडकं कानावरून सोडून हातात घेतलं होतं.

"शेवटच्या मिनिटाला," ते अनुसयाबाईला म्हणाले. "बॉल त्याच्या हातात आला हुता, मामी. हातात येऊन सुटला."

अनुसयाबाई देव्हाऱ्यापुढंच बसली. तिचा मुलगा हरला होता, परमुलखात, आणि तिच्या पुढ्यात मी उभी राहून पदर खोचत होते. खोटं कशाला बोलू? माझ्या अंगात दहा बायकांचं बळ आलं होतं. स्टो विझवला, तांब्या उपडा केला, गल्लीतल्या एका पोराला टांग्यासाठी पिटाळलं.

"वस्ताद, तुमचाच शब्द. हरला की घरी."

"व्हय आक्का," ते म्हणाले. "आता मोकळी तुमची पोर. न्या."

टांगा आला. ट्रंक चढली, वळकटी चढली. अनुसयाबाई उठली, तोंड धुऊन आली, सुपात तांदूळ-नारळ घेतलं. ओटी भरताना तिचं ध्यान शालनच्या तोंडाकडं होतं, अर्धे तांदूळ खाली सांडले. मी म्हटलं, "राहू द्या. दोन-दोनदा ओट्या भरून झाल्या."

शालन उंबऱ्यापाशी आली. आणि उंबऱ्यावर पाय ठेवायच्या ऐवजी उंबऱ्यावर बसली. पोटुशी बाई उंबऱ्यावर बसत नाही. मी म्हटलं, "ऊठ, ऊठ, अवलक्षण!"

"आई," ती म्हणाली, "त्याच खोलीत का?"

"कुठल्या?"

"मागच्या."

"मग काय गोठ्यात? चुना काढलाय. बाज नवी विणलीय तुझ्यासाठी."

"मंगलताईच्या वेळंलाबी बाज नवीच हुती."

दारात माणसं उभी होती, म्हणून ती अगदी हळू बोलत होती. मला ऐकायला वाकावं लागलं.

"मी दाराबाहेर हुते, आई. ऊन पाण्याचा हंडा धरून. मी रडाया लागले तर तू आतनं वरडलीस, गप बस, आता बाळ रडंल बघ, ते ऐक. मी ऐकत बसले. पाणी थंड झालं. बाळ रडलंच न्हाई. मग ताईचाबी आवाज थांबला." तिनं चौकट धरली होती, त्या दिवसासारखीच. "हितनं दवाखाना दिसतो, आई. उंबऱ्यावरनं. सासूबाईस्नी मीच म्हटलं हुतं, त्या पहिल्या दिवशी, कानात. काय बी सांगा, पर मला पाठवू नका. नुकतंच फटाकं वाजलं हुतं, म्हणून त्यास्नी पायगुण सुचला."

मी अनुसयाबाईकडं बघितलं. ती सांडलेले तांदूळ वेचत होती, एकेक दाणा.

शालनच्या हलत्या ओठांनी सकाळपासून देवाला काय मागितलं असेल, ते मला तेव्हा कळलं. आम्ही दोघीही एकाच मॅचसाठी एकाच देवीपुढं बसलो होतो.

कमरेला किल्ल्या होत्या. मागच्या खोलीची किल्ली नव्यानं तेल लावून मी सगळ्यांत वर घेतली होती. त्या खोलीत एकदा मूल रडलं पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं. एकदा रडलं की त्या भिंती मोकळ्या झाल्या असत्या. आणि मीही.

दारात सगळी घोडेगल्ली. पराभवानं चिडलेली, कुणावर तरी राग काढायला टपलेली. आता शालन "मी जात नाही" म्हणाली असती, तर उद्यापासून आईचा शब्द मोडणारी म्हणून चाफेगल्लीनं चघळली असती, आणि पायगुणाचं ढोंग केलं म्हणून घोडेगल्लीनं. पोर दोन गल्ल्यांच्या मधोमध उंबऱ्यावर बसली होती.

मी टांगेवाल्याला म्हटलं, "ट्रंक उतरव."

"परत?" तो म्हणाला.

"वस्ताद!" मी आवाज चढवला, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा. "तिसऱ्या नंबराची मॅच कवा हाय?"

वस्तादांनी मान तिरकी केली. "तिसरा नंबर? नॉकआऊटमधी कसला तिसरा नंबर, आक्का? हरला की..."

"काय सांगताय! सेमीत हरलेल्या दोघात कोण थोर, हे ठरायला नगं? का चौथ्या नंबरावर समाधान तुमच्या तालमीचं? आमची चाफेगल्ली असती तर तिसरा नंबर घेतल्याशिवाय गाडीत चढली नसती."

"पर आक्का, पोरं उद्या..."

"पोरं घरला आली का? किपर दारात उभा हाय का तुमच्या? न्हाई न्हवं? मग कप चालू हाय. माझी पोरगी उंबऱ्यावर बसलीय, ती उंबऱ्यावरच राहणार. जागा मोडायची न्हाई, हे तुमीच शिकवलं मला. आणि दोन दिवसांत आठवा लागतोय. त्यात मी पोटुशीला हलवणार न्हाई. आमच्यात रीत हाय."

वस्ताद माझ्याकडं बघत राहिले, मग उंबऱ्यावरच्या शालनकडं. म्हातारा कुस्तीगीर. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे, ते त्याला कळत असावं. त्यांनी फडकं परत कानाला गुंडाळलं.

"असती," ते गल्लीकडं वळून म्हणाले. "तिसऱ्या नंबराची असती मॅच. मी इसरलोच हुतो. चला रं, गर्दी करू नका."

अनुसयाबाई सूप घेऊन उभी होती. मी बाकड्यावर बसले. कडेला नव्हे, चांगली मागं रेलून, पुरती.

"ईनबाई," मी म्हटलं, "घोटभर च्या टाका."

तिच्या हातातलं सूप कलंडलं आणि वेचलेले तांदूळ परत सांडले. "आमच्या घरचा?"

"मग काय, मांजराच्या घरचा? साखर जरा हात राखून. तुमचा हात सढळ हाय, बघितलंय मी."

चहा आला. बशीत ओतून प्यायले. गूळचट होता, पाणचट होता, आणि माझ्या आईची रीत त्यात बुडाली. नातीच्या बारशाला अनुसयाबाईनं ती गोष्ट पाळण्याशी बसलेल्या बायकांना तिखटमीठ लावून सांगितली, चंद्राक्कानं दोन बश्या मागितल्या म्हणाली. एकच मागितली होती.

त्या संध्याकाळी निघताना शालन पायाशी वाकायला लागली. मी तिला वाकू दिलं नाही. "येते," म्हटलं. आणि टांग्यात बसले, एकटी, मांडीवर स्टो घेऊन.

चाफेगल्लीला दिवे लागले होते. घोडेगल्ली हरल्याची बातमी माझ्याआधी पोचली होती, म्हणून बायका ताट घेऊन तयारच होत्या. भाकरतुकडा, पाण्याचा तांब्या, हळदकुंकू. रंजना सगळ्यांत पुढं. टांगा थांबला आणि मी एकटीच उतरले.

"आक्का, शालन?"

"पोरगी कुठं हाय, आक्का?"

"तिसऱ्या नंबराची मॅच हाय अजून," मी म्हटलं. "ती संपल्याशिवाय उठायचं न्हाई."

आमच्या गल्लीतल्या बायकासुद्धा फुटबॉलच्या पोटात जन्मलेल्या. कोपऱ्यावरची सरूमावशी, जिचे तीन पोरगे आमच्या टीमला होते, ती ताटावरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "नॉकआऊटला तिसरा नंबर नसतोय, चंद्राक्का. हरला की घरी."

मी मागच्या खोलीची किल्ली जुडग्यातून काढली आणि रंजनाच्या ताटात टाकली.

"व्हय, मावशे," मी म्हटलं. "मग आलेय न्हवं मी घरी?"